वीतभर दोरी

— तिकडे नको गं, तिकडे नको, त्या बाजूच्या फळ्या उचकटल्यायत. इकडे ये, खिडकीपाशी, चटईवर. हं, अशी. सगळं घर उसवून ठेवलंय बघ. मधला खांब बदलायला काढलाय — वाळवी, दुसरं काय. बेचाळीस वर्षं उभा होता, वरून अजून टणक दिसतो, पण बोट दाबलं की आत नुसता भुगा. ते घराखाली, खांबांच्या मधे ठोकतायत ना, ते देरामानदादा, आमच्या गावचे सुतार. तुळई जॅकवर तोलून धरलीय त्यांनी, कालपासून घर असं टाचा उंच करून उभं आहे, म्हणून मीसुद्धा पाऊल जपून टाकते. तूही जपून बस. — तर तू मैमुनाताईची नोरिहा! नाव सांगितलंस तेव्हा कळलं, पण खरं म्हणजे त्याआधीच कळायला हवं होतं. दारातून वाकून आत आलीस ना, तेव्हाच. या दारातून वाकून येणारी माझ्या ओळखीत एकच बाई होती.

मी जैतून. ते काय, तुला माहीतच असणार. तुझ्या आईनंतर या घरात आले ती. काय काय ऐकलं असशील माझ्याबद्दल — नाही? ती काहीच बोलत नाही? कधीच नाही? …बरं. तुझे वडील गेले तेव्हा निरोप धाडला होता मी, तुझ्या मामाच्या पत्त्यावर. पोचला नसेल म्हणून मनाची समजूत घातली. — पोचला होता. बरं, बरं, असू दे. मी काही विचारत नाही. चार वर्षांची होतीस तू, आईचं बोट धरून या पायऱ्या उतरलीस, तिच्या दुसऱ्या हातात चप्पल. चप्पल घालायलाही थांबली नव्हती ती. मी आमच्या कुंपणापाशी उभी होते. शेजारचंच घर आमचं, आता तिथे नारळ लावलेत — तर उभी होते, हातात ताटली होती की काय होतं, आणि ती माझ्याकडे बघून हसली. चल येते जैतून, म्हणाली. जशी बाजारला निघालीय.

कशी आहे ती? — घरी आणलंय. म्हणजे दवाखान्यातून घरी… हं. डॉक्टर स्वतःहून घरी न्या म्हणाले की आपण काय ते समजायचं. अल्ला तिला सुखात ठेवो. नाही, रडत नाहीये मी, हा चुलीचा धूर आहे. जवळ मासा शिजतोय. तू आलीस ते बरं झालं, भात आजच केलाय, नारळाच्या दुधातला, मेथीदाणे घालून, आणि कुप्याचं कालवण. शहरात मिळतो तो भात, पण तिकडे मेथी नावाला टाकतात. थांब, वाढून आणते. दोन मिनिटं. हातातलं तेवढं बाजूला ठेव — ती गोधडी गं, जरा पलीकडे सरकव, सुई आहे तिच्यात, टोचेल.

…हे घे. हात धू आधी. — अगं, नको असं म्हणायचं नसतं. पोट भरलेलं असलं तरी निदान बोट लावावं माणसानं, एक शीत जिभेवर ठेवावं. दारी आलेल्यानं अन्नाला बोटसुद्धा न लावता परत जाणं चांगलं नाही, वाटेत काहीबाही होतं. तुझ्या आईनं शिकवलं नाही? शिकवलंच असणार. — नाही लावत. बरं. राहू दे, झाकून ठेवते, मग लाव. कालवणात आंबट म्हणून बिलिंबी घातलीय, आणि ती बिलिंबी तुझ्या आईनं लावलेली आहे, ते झाड दिसतंय ना विहिरीपाशी, हळदीच्या वाफ्यामागे? ते. तिच्यामागून मी हळद लावली, गवती चहा लावला, चवळीचे मांडव घातले, सगळं माझं. पण ते झाड तिचं. एकदा पुरात आडवं झालं होतं, मी बांबू लावून उभं केलं. तुझे वडील म्हणाले, तोडून टाक, जळणाला होईल. नाही तोडलं मी. एवढं तरी लक्षात ठेव.

गोधडी बघतेस? नातीसाठी करतेय. मुलगा क्वालालंपूरला असतो, त्याची मुलगी, वर्षाची होईल आता. वाकडी आहे ना? हस, हस, सगळेच हसतात. मशिदीमागच्या बायका म्हणतात, जैतूनच्या गोधडीत माणूस झोपलं तर सकाळी तिरकं उठेल! माझी एकही गोधडी चौकोनी नाही. कापडाचे तुकडे मनाला येतील तसे लावत जायचे, जिथे संपेल तिथे संपेल. माप घेत नाही मी. टेप नाही घरात. भाताला पाणी घालताना बोटाच्या पेरानं बघतात ना बायका, मी तेही बघत नाही, आपलं अंदाजानं. वाफ्याची ओळसुद्धा डोळ्यानंच. सुताराच्या मुलीला माप घेता येत नाही म्हणून देरामानदादा चिडवतात मला. बाबा तर दोन बोटांत फळी धरून सांगायचे, पाव इंच कमी आहे. आणि मी अशी. — कधीपासून? काय कधीपासून? पहिल्यापासूनच. …पहिल्यापासून नाही. लहानपणी घ्यायचे. पिशवीत बाबांची ओळंब्याची दोरी घेऊन हिंडायचे. मग सुटलं.

अच्छा. त्यासाठी आलीस होय.

मला वाटलंच होतं. खांब उघडलाय हे तुमच्याकडे कळलं कसं? — मामाचा जावई. हो, तो येऊन बघून गेला परवा, तोंडाळ आहे मेला. तर दोरी. दोरी पाहिजे तुझ्या आईला.

तुमच्या शहरातल्या सिमेंटच्या घरांत बाईचे हात कोण मापतो? आमच्यात पूर्वी त्याशिवाय कुऱ्हाड हातात घ्यायचे नाहीत. ज्या बाईचं घर, तिनं दोन्ही हात पसरायचे, या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत दोरी धरायची, आणि त्या एका दोरीतून घर काढायचं. मधला खांब किती, दाराची चौकट किती, खिडकीचा कट्टा किती उंच, सगळं तिच्यातून. म्हणजे घर बाईच्या अंगावर बेतलेलं. आणि काम झालं की बाबा ती दोरी लाल, काळ्या, पांढऱ्या कापडाच्या तुकड्यांत गुंडाळून खांबाच्या डोक्यावर ठेवायचे, वरून तुळई बसली की झाकली गेली. घर पडेपर्यंत कुणी बघायची नाही. — हो, या खांबावरही ठेवली होती. मीच वर चढवून दिली बाबांच्या हातात. पण आता नाहीये गं ती. उंदरांनी खाल्ली. काल तुळई उचलली तर आत नुसत्या लेंड्या आणि कापडाच्या चिंध्या. बेचाळीस वर्षं झाली, वाखाची दोरी ती, राहतेय कुठली? तू आईला सांग, मी स्वतः बघितलं, काही उरलेलं नव्हतं, उंदरांनी —

काय? काय म्हणालात देरामानदादा? …

तुम्हाला विचारलं का कुणी? तुम्ही तुमचं ठोका! फळीच्या फटीतून कान लावून बसायला मजुरी देते का मी? …हो हो, दिलीत, दिलीत माझ्या हातात, मी कुठे नाही म्हणतेय, पण ती — ती दुसरी दोरी. अहो, तुम्हाला सत्तर वर्षं झाली आणि अजून — जा बघू तुम्ही, जा, कॉफी पिऊन या. नमाजाची वेळ होईल आता, तसेच मशिदीत जा, चार वाजेपर्यंत तोंड दाखवू नका. जॅक? जॅकला काय होतंय, मी धरून बसते जॅक! जा. …गेले. बघ हां, गेले का ते. कुंपणाबाहेर? बघ नीट. हा माणूस गावचा भोंगा आहे. इथे पाल चुकचुकली तर त्याला खाली कळतं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. बरं, ऐक. अख्खी होती दोरी. उंदरांनी नाही खाल्ली. काल सकाळी देरामानदादांनी काढून दिली, कापडाचे रंगसुद्धा शाबूत होते, लाल तर काल रंगवल्यासारखा. मी हातात घेतली, पदराखाली धरली, आत नेली. आणि संध्याकाळी चुलीत घातली. — का म्हणजे? जुनी घाण. असल्या वस्तू घरात ठेवू नयेत. खांब बदलला की जुनं माप जाळायचं असतं, रीतच आहे तशी… नाही. नाहीये रीत. तुला खोटं सांगून काय करू, तू काय मला विचारायला परत येणार आहेस? जाळली. भिजलेल्या केसासारखा वास आला, आणि लगेच संपली.

ते काय आहे तुझ्या पिशवीत? बघते मघापासून, हात आत घालून बसलीयेस. — हं. आईचं माप. आताचं. तू स्वतः घेतलंस. अंथरुणावर तिचे हात धरून? …आणि मी आत भात वाढत होते तेवढ्यात तू ते लावून बघितलंस इथे. या खांबापासून त्या खांबापर्यंत. तुला कुणी सांगितलं, बरोब्बर तीन दोऱ्या असतात म्हणून? — ती म्हणाली. तिच्या लक्षात आहे. उरली ना? तिसऱ्यांदा टाकलीस तेव्हा उरली. किती? — दीड हात.

तर मग झालं तर! तेच तर सगळं गाव सांगत होतं ना! बाळंतीण होती ती गं, तू बारा दिवसांची, पोटाला पट्टा आवळलेला, कुशीला गरम दगड, चव्वेचाळीस दिवस खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या दिवसांत हात ताणायचेच नसतात, शिरा उतरतात. पण तुझ्या वडिलांना घाई. पाऊस तोंडावर आलेला, सागवानी लाकूड येऊन पडलेलं. मग तिनं खोलीतच सुईणीला एक टोक धरायला लावलं, दुसरं आपण धरलं, गाठ मारली, आणि मी — मी शेजारची, मोकळी पोर, तिनं माझ्या हातात दोरी दिली, जा जैतून, बाबांना नेऊन दे. बस. अशक्त बाई, हात पुरते ताणले गेले नसतील, ढिले राहिले असतील, वीतभर माप कमी आलं. माझे बाबाच म्हणाले तसं. दोरी दुमडली, मापली, म्हणाले, एवढ्या उंच बाईला हे थोडं आखूड नाही का? आणि मग म्हणाले, बाळंतीण आहे बिचारी, हात पुरे ताणता आले नसतील. — त्यांनी म्हटलं आणि मग सगळ्यांनी म्हटलं.

घर उभं राहिलं, आणि ती बेचाळीस दिवसांनी की पंचेचाळीस दिवसांनी, तुला कडेवर घेऊन आत आली, आणि या इथे, या चौकटीवर कपाळ आपटलं. सगळे हसले. तीही हसली. स्वयंपाकघराची चौकट त्याहून खाली, तिथे रोज. पाणी आणताना, राख टाकताना, दिवा लावायला जाताना. खिडकीपाशी बसली तर कट्टा मांडीला लागायचा. तुझे वडील बुटके, माझ्याएवढेच, त्यांना कुठेच काही लागायचं नाही. बुटक्याची उंच बायको म्हणून आधीच थट्टा व्हायची त्यांची, ती त्यांना झोंबायची, आणि आता हे हातात मिळालं! चार माणसांत म्हणायचे, हिला स्वतःचे हात मापता येत नाहीत, ही घर काय मापात ठेवणार. भात करपला तरी तेच, तू आजारी पडलीस तरी तेच — बाईनं माप चुकवलं, घर तिला मानवत नाही. बायका कुजबुजायच्या, बाळंतपणात हात ताणले, नेम मोडला, भोगतेय. चार वर्षं. कपाळावर खूण आहे का गं तिच्या अजून? इथे, डाव्या भुवईच्या वर? — आहे.

मी काय करणार होते? मी शेजारची पोर. माझं काय ऐकणार होतं कुणी?

काय? पुन्हा सांग. — अंथरुणात पडल्या पडल्या… हात पसरते? झोपेत? — जागेपणी. दोन्ही बाजूंना. आणि तुला विचारते, बघ गं, ताणलेत ना पुरे. किती वेळा? …रोज.

थांब जरा. थांब. पाणी पिऊ दे मला.

म्हणजे तिला दोरी नकोय. तिला फक्त एवढंच पाहिजे की त्या दिवशी तिनं हात पुरे ताणले होते की नव्हते. बेचाळीस वर्षं. या घरात ती चार वर्षं राहिली आणि बाकीची अडतीस वर्षं तिकडे बसून आपले हात मोजतेय. आणि मला वाटायचं — मला वाटायचं ती विसरली असेल. तिनं दुसरं लग्न केलं, दुकान टाकलं, मी ऐकत होते ना सगळं. म्हटलं, सुखात आहे. हसून गेली होती ना.

ऐक, नोरिहा. मी त्या वेळी एकोणीस वर्षांची होते. त्याच वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं, मुलाकडच्यांनी विड्याचं तबक परत पाठवलं, कारण काय तर म्हणे मुलगी मोठ्यानं बोलते. तू मला आता बघतेस, मी तेव्हाही अशीच बडबडी. बाबा नेहमी म्हणायचे, तुझं लग्न ठरलं की तुझ्या हाताचं घर मी फुकटात काढीन, तुझं माप मला तोंडपाठ आहे. तबक परत आल्यावर ते बोलणं थांबलं. आणि बाबा गावातल्या सगळ्या बायकांची घरं काढत होते. सगळ्यांचे हात पसरलेले बघायचे मी, एकेक जाडी, एकेक काळी, एकेक भांडखोर, सगळ्यांना घर. — हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. ऐकून घे फक्त.

तुझ्या आईनं दोरी दिली, मी पदरात बांधून निघाले. फार तर शंभर पावलांची वाट. मध्ये नदीच्या बाजूला जुनं कुंपण होतं. म्हटलं, बघू तरी, ताईचे हात माझ्यापेक्षा किती लांब आहेत. पोरीबाळी करतात ना अशी गंमत. दोरीचं टोक कुंपणाच्या खुंट्याला अडकवलं, बोट तिथे टेकवलं, दुसरा हात ताणला. वीतभर जास्त होती. एवढी. माझी एक वीत. ताठ होती गं दोरी, गाठी घट्ट, सुईणीनं नीट ओढून मारलेल्या. तुझ्या आईनं हात पुरे ताणले होते. पट्टा बांधलेला, टाके ओले, तरी पुरे ताणले होते. ती अर्धवट काही करायचीच नाही.

आणि समोर, नदीच्या काठाला, तुझे वडील लाकूड तासत होते. अंगात सदरा नव्हता. मला बघून त्यांनी हात केला — काय गं जैतून, काय मापतेस? मी म्हटलं, काही नाही जुसोदादा. आणि मी खाली बसले, माझ्या कमरेला कोयती होती, तिनं मी ती वीतभर दोरी कापली. माझ्या बोटापाशी. मला माहीत नाही का. तुला वाटत असेल मला घर पाहिजे होतं, किंवा तो पाहिजे होता. अल्लाची शपथ, तेव्हा मला वाटलं होतं, बघू तर खरं, कशी दिसते माझ्या हाताची दोरी. एवढंच. कापल्यावर लक्षात आलं की कापलेली दोरी जोडता येत नाही, गाठ दिसणार. मी तुकडा नदीत टाकला, टोकाला तशीच दुसरी गाठ मारली, आणि बाबांना नेऊन दिली.

बाबांनी दोरी दुमडली. माझ्याकडे बघितलं. सांगितलं ना, माझं माप त्यांना तोंडपाठ होतं. बघितलं, आणि म्हणाले, बाळंतीण आहे बिचारी. त्यांनी का नाही तिथेच माझ्या कानाखाली वाजवली? त्या दिवशी वाजवली असती तर — पण मुलीची अब्रू. आधीच मोडलेलं लग्न. हे घर पुरं झालं, त्यानंतर कधी त्यांनी मला कामावर बरोबर नेलं नाही. दोरीला हात लावू दिला नाही. मरेपर्यंत त्या विषयावर एक शब्द नाही.

मी सांगणार होते. ती आत राहायला आली तेव्हा सांगणार होते. पहिल्यांदा कपाळ आपटलं तेव्हा, दुसऱ्यांदा, मग तूप लावून द्यायला मीच धावत यायचे तिच्या कपाळाला. हसू नकोस, खरंच यायचे! ती म्हणायची, तुझा हात किती हलका गं जैतून. मग कसं सांगायचं? मग ती गेली. मग दोन वर्षांनी तुझ्या वडिलांनी मागणी घातली आणि मी या दारातून आत आले. ताठ. कुठे काही लागलं नाही. खिडकीचा कट्टा बरोबर हाताखाली, चूल बरोबर, फळी बरोबर. सगळं गाव म्हणालं, बघा, घराला बाई मानवली. तुझे वडील तर आल्यागेल्याला दाखवायचे — काही बायका घरात बसतात, काही बसत नाहीत. आणि मी वाढत असायचे ताटं. आणि मला — काय सांगू तुला — मला ते ऐकायला आवडायचं. पस्तीस वर्षं आवडायचं. रात्री लाज वाटायची, आणि सकाळी कुणी म्हटलं की पुन्हा आवडायचं. त्यांना कधी सांगितलं नाही. ते गेले तेही तेच समजून गेले, की तिचं माप चुकलं होतं.

आता बोललीस. काय म्हणालीस? — ती विश्वास ठेवणार नाही. हो. खरंय. ती म्हणेल, जैतून चांगली आहे, माझं समाधान व्हावं म्हणून बोलतेय. ती तसंच म्हणेल. लोकांना चांगलं समजायची तिला खोडच आहे. आणि दोरी तर मी चुलीत घातली. ती असती तर तू घेऊन गेली असतीस, दाखवली असतीस.

तू मोबाइलवर माझं बोलणं घेतेस का? तसं करतात ना आता. नको? नाही, आवाजानं काय होतंय, आवाज काय मनाला येईल ते बोलतो. तिच्या हातात काहीतरी पाहिजे. तिला बोटांनी चाचपता येईल असं.

…उठ. ती तुझी दोरी काढ. काढ गं, घाबरू नकोस, मी खेचून घेणार नाही. माणूस म्हातारपणी वाकतं, खुजं होतं, पण हात काही आखडत नाहीत, बाबा म्हणायचे. सत्तरीतल्या बाईच्या हातावरही घर निघतं. या भिंतीला पाठ लावून उभी राहते मी. या खांबाला उजवं बोट टेकवते. टेकलं? नीट बघ, कपाट नको, खांबालाच. आता दोरीचं एक टोक माझ्या या बोटावर धर, आणि इकडून, गळ्यावरून नको, छातीवरून सरळ ने. ढिली नको. ओढ. आणखी. दुखत नाही मला, ओढ. डाव्या बोटापर्यंत आण.

किती उरली? — बोल ना. तू वीत टाकून बघ. नको, तुझ्या विती लांब आहेत, तू तिचीच मुलगी. माझी वीत — थांब, हा हात नाही हलवत मी. तूच अंदाजानं बघ. …एवढी ना?

गाठ मार तिथे. माझ्या बोटापाशी. घट्ट मार. आणि हे माप इथे भिंतीवर लाव एकदा, या खांबापासून त्या खांबापर्यंत, तीनदा टाक. एक… दोन… तीन. पूर्ण बसली? काही उरलं नाही? एक सूतसुद्धा? — नाही. हं. नाहीच उरणार.

ही घेऊन जा. तिच्या हातात दे, दोन्ही टोकं तिला धरायला लाव, मग मधली गाठ चाचपू दे. सांग, ही जैतूनची गाठ, आणि हे घर या गाठीपर्यंतचं आहे, पुढचं तुझं होतं. सांग, तुझे हात पुरे होते. बाकीचं सांग किंवा नको सांगू, कापलं ते, नदी, तुझे वडील… नाही. सगळं सांग. गावालाही सांग वाटलं तर, देरामानदादांना सांगितलंस तर तुला फिरावं लागणार नाही. मला इथून जा म्हणाले तर जाईन मी, कुठे ते माहीत नाही, पण जाईन. तू आधी तिच्याकडे जा. चार वाजताची बस मिळेल तुला, पळत गेलीस तर. ती जागी असेल तोवर पोच.

नको, आता जेवायचं नाव काढू नकोस. माझ्या ताटाला बोट लावू नकोस तू. मघाशी नाही लावलंस तेच बरोबर होतं.

जा म्हणते ना. मी हात खाली घेते की नाही ते बघत उभी राहू नकोस. जा.